माकडाच्या कातड्यातला लांडगा: 'हाउलिंग २' आणि प्रेक्षकांची चाळीस वर्षांची मतं

पार्श्वभूमी

१९८१ साली जो डान्टे यांनी दिग्दर्शित केलेला 'द हाउलिंग' हा नरलांडग्यांचा भयपट आला. गॅरी ब्रँडनर यांच्या १९७७ च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट वीस लाख डॉलरच्या आत बनला होता. म्हणजे मूळ चित्रपटही श्रीमंत नव्हता. प्रकरण समजून घेताना ही गोष्ट आधी ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या भागाबद्दलची निम्मी मतं 'पैसे नव्हते म्हणून असं झालं' या समजुतीवर उभी आहेत.

पहिल्या भागाचा जीव त्यातल्या रूपांतरात होता. रॉब बॉटिन यांनी नटाच्या चेहऱ्यावर लेटेक्सची, म्हणजे रबराची, पातळ कातडी चढवून तिच्याखाली हवेचे छोटे फुगे बसवले. नळीतून हवा सोडली की गाल, कपाळ, मान आतून फुगल्यासारखी दिसायची. पुढे निघणारा जबडा, वाढणारी नखं यांसाठी वेगळे साचे, वेगळी यंत्रणा. माणसाचा लांडगा कॅमेऱ्यासमोर होतो आहे, कट मारून नाही, हा अनुभव लोकांना नवा होता. त्याच वर्षी 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' हा नरलांडग्याचा चित्रपट आला आणि त्यातल्या रूपांतरासाठी रिक बेकर यांना ऑस्कर मिळालं. एका वर्षात प्रेक्षकांचं मोजमापच बदललं. १९८१ च्या आधी केसाळ मुखवटा पुरायचा, नंतर तो पुरेना.

पहिल्या भागाचा शेवटही वजनदार होता. टीव्हीवर बातम्या देणारी कॅरन व्हाइट थेट प्रक्षेपणात लांडगी होते आणि तिला तिथेच गोळी घातली जाते. बारमध्ये बसून ते पाहणाऱ्या लोकांतल्या काहींना तो नुसता कॅमेऱ्याचा खेळ वाटतो.

१९८५ मध्ये दुसरा भाग आला. दिग्दर्शक फिलिप मोरा, पटकथेत मूळ कादंबरीकार ब्रँडनर यांचाही हात. गोष्ट कॅरनच्या अंत्यविधीपासून सुरू होते. तिचा भाऊ बेन, तिची सहकारी जेनी आणि गूढविद्येचा अभ्यासक स्टेफन (ख्रिस्तोफर ली) असे तिघे नरलांडग्यांची राणी स्टिर्बा (सिबिल डॅनिंग) हिला संपवायला ट्रान्सिल्व्हेनियात जातात. स्टिर्बा ही स्टेफनचीच बहीण. बरंचसं चित्रीकरण तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये झालं.

या चित्रपटाबद्दल चाळीस वर्षं प्रेक्षक बोलत आहेत: थिएटरात पाहिलेले, व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेले, नव्या डिस्कवर पाहिलेले. इथे कुणा प्रेक्षकाचं नाव दिलेलं नाही, वारंवार येणारी मतं तेवढी घेतली आहेत. कमी पैशांत भयपटाचा पुढचा भाग करणाऱ्याला अशा मतांतून काय घेता येतं आणि काय बाजूला ठेवावं लागतं, हे पाहणं हा या टिपणाचा हेतू.

अडचण

मतं सरसकट वाचली तर एकच वाक्य हाती लागतं: 'सिनेमा वाईट आहे.' त्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक मताला दोन प्रश्न विचारले की चित्र बदलतं. हे मत नेमक्या कोणत्या दृश्याबद्दल आहे? आणि बोलणाऱ्याला त्या जागी काय हवं होतं? असं चाळल्यावर चार ढीग पडतात.

पहिला ढीग लांडग्यांचा. 'हे लांडगे वाटतच नाहीत', 'माकडं वाटतात', 'खेळण्यातल्या अस्वलासारखे दिसतात.' हा सर्वांत मोठा ढीग.

दुसरा ढीग आधीच्या भागाशी असलेल्या नात्याचा. कॅरनच्या भूमिकेत डी वॉलेस नाहीत, चांदीची गोळी काही लांडग्यांवर चालत नाही म्हणून अचानक टायटॅनियम आलं, ज्या जगात पहिला भाग घडला ते हे जग वाटत नाही.

तिसरा संकलनाचा. बेबल या बँडचं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजतं, तेच शॉट परत येतात. आणि श्रेयनामावलीत स्टिर्बा आपला पोशाख फाडते तो एक शॉट सतरा वेळा दाखवला आहे.

चौथा ढीग कौतुकाचा, आणि तो लहान नाही. ली यांचा भारदस्त वावर, प्रागच्या गल्ल्या, जुनी दगडी बांधकामं, आवाजाच्या जोराने डोळे फुटण्याचा प्रसंग. शिव्या देणारे प्रेक्षकही ही यादी देतात.

एक चुकीचं मत इथेच वेगळं काढायला हवं. 'कॅरन लांडगी झाली हे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं, मग भावाला पटत कसं नाही?' ही तक्रार ऐकू येते. पण पहिल्या भागाच्या शेवटीच काही लोकांनी ते खरं मानलं नव्हतं. इथे दुसऱ्या भागाने धागा नीट पकडला आहे. चूक एवढीच की हा धागा प्रेक्षकाला आठवेल असं एखादं वाक्य सुरुवातीला ठळक आलं नाही. मत चुकीचं असलं तरी ते कुठून निघालं ती जागा खरी असते.

पर्याय

पोशाखांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मोरा यांनी नंतर सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रागमध्ये पेट्या उघडल्या तेव्हा लांडग्यांच्या ऐवजी 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे माकडांचे पोशाख निघाले. युनिट परदेशात आहे, कलाकारांच्या तारखा ठरलेल्या आहेत, जागांच्या परवानग्या मोजक्या दिवसांच्या आहेत. अशा वेळी निर्मितीसमोर चार वाटा असतात.

थांबणं ही पहिली वाट. नवे पोशाख बनवायचे तर अंगाचे साचे, शिल्प, फोम लेटेक्स ओतणं, भट्टीत भाजणं, केस लावणं असा सगळा क्रम करावा लागतो. एका चांगल्या पोशाखाला कित्येक आठवडे जातात. परदेशात बसलेल्या युनिटचा रोजचा खर्च पाहता ही वाट बंदच म्हणायची.

दुसरी वाट आलेल्या पोशाखांवर काम करण्याची. तिसरी पोशाख लपवण्याची: अंधार, धूर, सावल्या, आवाज. चौथी वाट गोष्टीतच कारण देण्याची: हे असे दिसतात, कारण अमुक.

मोरा सांगतात की चौथी वाट धरली गेली. माणूस लांडगा होताना आधी माकडासारख्या अवस्थेतून जातो, उत्क्रांती उलटी फिरते, असं स्पष्टीकरण ली यांच्या तोंडी घालायचं ठरलं.

निर्णयाची खरी जागा ही आहे, म्हणून इथे थोडं थांबू. संवादातलं स्पष्टीकरण कानाला पटतं, डोळ्याला नाही. प्रेक्षक राक्षस ओळखतो तो बाह्यरेषेवरून, आणि ती रेषा अर्ध्या सेकंदात मनात पक्की होते. माकडाची रेषा वेगळी आहे: तोंड आखूड, भुवईचं हाड पुढे, कान डोक्याच्या बाजूला, छाती आणि कंबर जवळपास एकाच रुंदीची, पाय पूर्ण टेकलेले. लांडग्याचं तोंड लांब, कान डोक्यावर उभे, मानेभोवती दाट आयाळ, छाती खोल, कंबर बारीक, आणि तो बोटांवर चालतो म्हणून टाच जमिनीपासून वर. पाचही खुणा उलट असताना एका वाक्याने काम भागत नाही. उलट ते वाक्य प्रेक्षकाला विचारायला लावतं की, हे सांगावं का लागलं?

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचा मेळ घातला असता तर? तीन-चार माणसं आणि दोन दिवस मिळाले असते तर पुढचं काम होण्यासारखं होतं.

कान: साधारण इंचभर जाड फोम कापून चार-पाच इंचांचे टोकदार कान करायचे, त्याच रंगाच्या केसाळ कापडाने मढवायचे आणि मुखवट्याच्या माथ्यावर, जरा पुढे झुकलेले शिवायचे. बाह्यरेषा बदलायला याहून स्वस्त उपाय नाही.

कंबर: फासळ्यांच्या खालपासून मांडीपर्यंतचे केस कातरून अर्ध्याहून कमी करायचे. कापलेले केस वाया घालवायचे नाहीत, ते मानेभोवती पट्टीवर चिकटवून आयाळ करायची. ही आयाळ दुसरंही एक काम करते. मुखवटा संपतो आणि अंगाचा पोशाख सुरू होतो तिथे जी फट दिसते, ती ती झाकते. स्वस्त पोशाख उघडा पडतो तो बहुतेक वेळा याच फटीमुळे.

तोंड: फोमचा ठोकळा कोरून, वर लेटेक्सचे तीन-चार हात देऊन लांब नाक पुढे जोडता येतं. पण मग जबडा हलत नाही. त्यामुळे असं तोंड फक्त बाजूने आणि अंधारात दाखवायचं. समोरून, उजेडात, बोलताना कधीच नाही.

केस: कृत्रिम केस कोरडे राहिले की दिव्याखाली फुलतात, आणि अस्वलाच्या खेळण्याची उपमा तिथूनच येते. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून हाताने चोळायचं आणि रुंद दातांच्या कंगव्याने खाली ओढायचं, म्हणजे केसांच्या बटा होतात आणि जनावर ओलं, जिवंत दिसतं. दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा लावावं लागतं.

पाय: दाखवायचेच नाहीत. टाच टेकली की माणूस दिसतो. चौकट गुडघ्याच्या वर ठेवायची.

यात हमखास बिघडतं ते घामाने. पोशाखाच्या आत नट पंधरा-वीस मिनिटांत भिजून जातो, ओठ आणि डोळ्यांभोवतीच्या लेटेक्सच्या कडा सुटतात, आणि घाईत त्याच कडा पुन्हा चिकटवल्या की जाड दिसतात. म्हणून जवळचे शॉट आधी, लांबचे नंतर घ्यायचे. घाईच्या युनिटमध्ये सवयीने आधी मोठा शॉट घेतला जातो आणि चेहऱ्याची वेळ येईपर्यंत मुखवटा थकलेला असतो.

काय केलं गेलं

पडद्यावर दिसतं ते असं. लांडगे बऱ्याच ठिकाणी लांबलचक आणि पुरेशा उजेडात दाखवले आहेत. विशेषतः स्टिर्बाच्या महालातलं तिघांचं शय्यादृश्य. तिथे केसाळ पोशाख समोर आहेत, कॅमेरा हटत नाही, आणि प्रेक्षक हसतात. केसाळ पोशाखातली दोन माणसं स्थिर प्रकाशात दोन-तीन सेकंद दिसली की डोळा शिवण शोधायला लागतो. सेकंदाला चोवीस चौकटी. बारा ते वीस चौकटींत, म्हणजे सेकंदाच्या आत, जे दिसतं ते मन स्वतः पूर्ण करतं. त्याच्या पुढची प्रत्येक चौकट पोशाखाच्या विरोधात साक्ष देते.

ली यांना घेणं हा निर्णय फळाला आला. नरलांडग्यांच्या चित्रपटात त्यांनी आधी काम केलं नव्हतं, आणि अशा वेड्या कथेत सरळ चेहऱ्याने बोलणारा माणूस लागतोच. पंक क्लबमध्ये गॉगल घालून उभे राहिलेले ली प्रेक्षकांना आजही आठवतात. पुढे 'ग्रेमलिन्स २'मध्ये (१९९०) डान्टे यांच्यासोबत काम करताना ली यांनी या चित्रपटात काम केल्याबद्दल त्यांची माफी मागितल्याचं प्रसिद्ध आहे.

प्रागची निवड तर सर्वांत चांगली. खरे दगड, खऱ्या गल्ल्या, हिवाळी उजेड. सेट बांधून हे मिळवायला मूळ बजेटच्या कितीतरी पट पैसा लागला असता. कमी पैशात काम करणाऱ्याने पोशाखावर घालवायचे पैसे जागेवर घालवले तर पडद्यावर जास्त दिसतात, याचा पुरावा इथल्या मतांतच आहे: चित्रपट न आवडलेला प्रेक्षकही जागेला नावं ठेवत नाही.

संकलनात मात्र हात सैल सुटला. गाण्याचा पहिला वापर, लॉस एंजेलिसमधल्या क्लबमध्ये, चांगला आहे. दृश्य गाण्यावर कापलंय, ऊर्जा येते. तेच गाणं ट्रान्सिल्व्हेनियात परत आलं की जागा बदलल्याचा परिणामच पुसला जातो, कारण कानाला अजून लॉस एंजेलिसच ऐकू येतं. श्रेयनामावलीतल्या त्या सतरा वेळच्या शॉटबद्दल डॅनिंग यांनी स्वतःही नाराजी व्यक्त केली आहे. एका नटीने एका दृश्यासाठी दिलेली संमती सतरा वेळा खर्च करणं हे वाईट संकलन तर आहेच, पण त्याआधी ते वाईट वागणं आहे. जे प्रेक्षक त्यावर हसून पुढे जातात त्यांच्या मतापेक्षा ज्यांना ते खुपतं त्यांचं मत इथे जास्त नीट वाचायला हवं.

परिणाम

त्या काळी चित्रपटाची बोळवण झाली, पण मालिका थांबली नाही. १९८७ मध्ये मोरा यांनीच ऑस्ट्रेलियात तिसरा भाग केला, त्यात नरलांडगे कांगारूंसारखे पोटाला पिशवी असलेले आहेत आणि सूर उघडपणे गमतीचा आहे. दुसऱ्या भागात भीती आणि गंमत यांच्यात कुठे उभं राहायचं हे ठरलं नव्हतं. तिसऱ्यात ते पहिल्या दृश्यापासून ठरलेलं आहे. चौथा भाग (१९८८) मूळ कादंबरीकडे परत गेला आणि थेट व्हिडिओवर आला. २०११ पर्यंत एकूण आठ चित्रपट झाले.

मतांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. कॅसेटवर पाहणाऱ्यांना पोशाख तितके खटकत नसत. कॅसेटची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांची, अंधार चिखलासारखा एकजीव, शिवण दिसायचीच नाही. डिस्कवर १०८० रेषांत तेच पोशाख उघडे पडले. आश्चर्य असं की प्रेम मात्र डिस्कच्याच काळात वाढलं. आता हा चित्रपट घाबरायला कुणी लावत नाही, चार मित्र जमवून लावतात. म्हणून 'मस्त आहे, पाहाच' असं नवं मत वाचताना ते कोणत्या गरजेतून आलंय ते पाहावं लागतं. पुढच्या भयपटाची आखणी त्या कौतुकावर करता येत नाही, कारण ते भीतीबद्दल नाहीच.

शेजारी ठेवायला एक उदाहरण घेतो. कॅनडाच्या 'जिंजर स्नॅप्स' (२०००) या नरलांडग्याच्याच चित्रपटाचा दुसरा भाग २००४ मध्ये आला, तोही कमी पैशांतला. पण नायिका ब्रिजिटच्या भूमिकेत तीच नटी, एमिली पर्किन्स. पहिल्या भागात बचनाग ही वनस्पती नरलांडगेपणावर उतारा होती, दुसऱ्यात ती हा रोग फक्त लांबवते. नियम बदलला, पण जुन्याच नियमाच्या पोटातून बदलला, आणि तो बदलच नायिकेचं दुःख झाला. प्रेक्षकांनी तो मानला. टायटॅनियम मानलं नाही, कारण ते बाहेरून आलं आणि त्याची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. 'जिंजर स्नॅप्स'च्या दुसऱ्या भागातला लांडगा बराच वेळ चौकटीबाहेर राहतो. त्या चित्रपटालाही तिकीटखिडकीवर यश मिळालं नाही, म्हणून हे उदाहरण धंद्याचं नाही, फक्त मतांचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पेट्या प्रागला उघडायला नको होत्या. भाड्याने घेतलेल्या पोशाखाचे समोरून, बाजूने, मागून असे फोटो करारालाच जोडायचे, आणि निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी एक पोशाख नटाला चढवून, ठरलेल्या दिव्यात, ठरलेल्या फिल्मवर पन्नास-साठ फूट चाचणी घ्यायची. ३५ मिमीच्या फिल्मवर नव्वद फूट म्हणजे एक मिनिट, तेव्हा हा खर्च किरकोळ आहे.

चुकीचा पोशाख हातात आलाच, तर पटकथेत वाक्य घालण्याआधी शॉटची यादी बदलायची. कुठे पूर्ण अंग दिसतं, कुठे नुसता हात पुरेल, कुठे भिंतीवरची सावली. प्रागमध्ये भिंतींची कमी नव्हती. मागून दिवा, समोर अंधार, मध्ये धूर, आणि डोळ्यांत चमक यावी म्हणून लेन्सच्या अगदी शेजारी एक बारीक दिवा. जनावराच्या हालचाली चोवीसऐवजी वीस-एकवीस चौकटींच्या वेगाने चित्रित केल्या तर पडद्यावर त्या किंचित तुटक आणि चपळ दिसतात, आणि जड पोशाखातल्या माणसाचं अवघडलेपण लपतं. अठराच्या खाली गेलं की मूकपटासारखं हसू येतं.

शय्यादृश्य ठेवायचंच असेल तर केस फक्त पाठीवर, खांद्यावर, हातावर उगवताना दाखवायचे. आधीच्या भागाची ताकद रूपांतर होत असताना पाहण्यात होती, झाल्यानंतर नव्हे. तीच ताकद कमी खर्चात उसनी घेता आली असती.

संकलन होत आल्यावर बारा-पंधरा अनोळखी माणसांना कच्ची प्रत दाखवायची, ओळखीच्यांना नाही. 'आवडला का' हे विचारायचं नाही. चार ओळींचा कागद पुरतो: कोणत्या क्षणी घाबरलात, कोणत्या क्षणी हसलात, कुठे काही समजलं नाही, कुठे घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तीन जणांनी एकच शॉट लिहिला, तर तो शॉट बारा चौकटींवर आणून दुसऱ्या बारा जणांना पुन्हा दाखवायचा.